डब्याला दुसरं भोक

धाकटा वैरणीच्या माळ्यावरून पडला तो सोमवारी, आणि धारा काढणारा गडी काम सोडून गेला तो बुधवारी. गड्याचंही काही चुकलं नाही. त्याला कारखान्याच्या गेटवर बसायचं काम मिळालं होतं. तिथे खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता आणि लाथ मारणारं कोणी नव्हतं. जाताना तो सासूला म्हणाला, "मावशी, राग मानू नका. बोटं अजून जागेवर आहेत तोवर निघतो."

सासूने राग मानला नाही. तिची स्वतःची बोटं कधीच जागेवर राहिली नव्हती. चाळीस वर्षं दोन वेळच्या धारा काढून दोन्ही अंगठे आत वळून बसले होते. चहाचा कप ती तळव्यांत धरायची, ओंजळीत पाखरू धरावं तसा.

गोठ्यात सहा गाई, सहाही नुकत्याच व्यालेल्या. थंडीचे दिवस, हिरवा चारा भरपूर, म्हणजे दुधाचा ऐन हंगाम. कासा इतक्या तटतटायच्या की दार उघडायच्या आधीच तांबडी हंबरायला लागायची. तांबडी गोठ्यातली थोरली. ती हंबरली की बाकीच्या पाच तिच्यामागे सूर लावायच्या. आणि इकडे धाकट्याचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, सहा आठवड्यांसाठी. घरात धड हात उरले दोन, ते धाकटीचे. त्या दोन हातांतही बरेचदा सात महिन्यांची पोर असायची.

धाकटी म्हणजे या घरची धाकटी सून. विज्ञानाची पदवी घेऊन आलेली, म्हणून गाव तिला 'कॉलेजवाली' म्हणायचं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे बोलणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून. स्वभावाने धास्तीखोर. गॅसचं बटण तीनदा बघणार, नळ पिळून पिळून बंद करणार, झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतो का ते पाहणार. पोरीच्या दुधाच्या बाटलीचं झाकण ती एवढं आवळायची की सासूला ते मुळीच सुटायचं नाही.

"हिला सगळं जग गळतंय असं वाटतं," धाकटा म्हणायचा. "एक दिवस मलाही बूच लावेल."

"लावलं असतं तर माळ्यावरून पडला नसतात," ती म्हणायची.

पहिले चार दिवस तिने हातांनी धारा काढल्या. पहिली गाय बरी जायची. दुसऱ्या गाईला मनगट बोलायला लागायचं. तिसरीच्या वेळी मूठ मिटायची, पण उघडायला दुसऱ्या हाताची मदत लागायची. तोवर चौथीच्या सडांतून दूध आपोआप ठिबकायला लागलेलं, खाली शेणात पांढरे ठिपके. घरात येऊन पोरीला उचलताना बोटांना पोर लागायचीच नाही, आणि आपण हिला नीट धरलंय की नाही ते ती पुन्हा पुन्हा वाकून बघायची. पाचव्या दिवशी दूध नेणारी गाडी हॉर्न वाजवून निघून गेली, तेव्हा दोन गाई भरलेल्याच उभ्या होत्या.

तो हॉर्न थोरल्या दिरानेही ऐकला. थोरल्याचं रस्त्यावर सिमेंटचं दुकान होतं, घर याच अंगणात पलीकडच्या बाजूला. तो दात घासत घासत गोठ्याच्या दारात आला.

"आई, किती दिवस शेण उपसायचं? गाई त्या हसऱ्या दलालाला देऊन टाकू. जागा मोकळी झाली की मी इथे पक्कं गोदाम बांधतो. धाकट्याला देतो एक खुर्ची टाकून."

"मला खुर्ची नको," धाकटा म्हणाला. "हात मोडलाय, कंबर नाही मोडली."

"हाताशिवाय कंबर घेऊन काय करणार? नाचणार?"

"गाई माझ्या आहेत," सासू म्हणाली. "अजून मी बसलेय."

"बसलीच आहेस ना," थोरला म्हणाला आणि चूळ भरायला निघून गेला.

पोरीला कडेवर घेऊन धाकटी बाहेर गेली, ओसरीखाली झाकून ठेवलेल्या आपल्या कॉलेजच्या स्कूटरवरची ताडपत्री काढली, सीट पुसली आणि दुसऱ्या दिवशी ती स्कूटर देऊन आली. तिच्या बदल्यात तिने दूध काढायचं मशीन आणलं. वापरलेलं, एका बंद पडलेल्या मोठ्या गोठ्यातलं.

मशीनवाला टेम्पोतून आला आणि तासाभरात जोडणी करून मोकळा झाला. गोठ्याच्या भिंतीवरून पाइप, पाइपाच्या टोकाला मोटर आणि हवेची टाकी, टाकीवर दाब दाखवणारं काट्याचं गोल घड्याळ. एक स्टीलची झाकणाची किटली. किटलीतून निघालेली जाड नळी एका काचेसारख्या पारदर्शक डबीत जायची, आणि डबीतून चार फाटे फुटून चार कप लोंबायचे. त्या डबीला मशीनवाला पंजा म्हणत होता. नळीतली ओढ बंद करायची चावी तिच्यावरच होती.

"मोटर नळीतली हवा ओढून घेते," त्याने समजावलं. "नळी रिकामी झाली की तिला काहीतरी हवं असतं. ती दूध ओढते. कपाच्या आतलं रबर दाबतं, सोडतं, दाबतं, सोडतं, वासराच्या जिभेसारखं. ताई, यात कोणी काही ढकलत नाही. वाराच काम करतो सगळं. आपण त्याला वाट करून द्यायची."

"काळजी काय घ्यायची?"

"एकच. हवा कुठे गळता कामा नये. हा काटा इथून हलला नाही पाहिजे." आणि पुढचं गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणत तो गेला.

हवा गळता कामा नये. हे वाक्य धाकटीला सांगायची गरजच नव्हती. दुपारी तिने वाटीभर साबणाचा फेस केला आणि पाइपाच्या एकेका जोडाला लावत गेली. फेस आत ओढला जातो का बघायचं. एकाही जोडात फेस आत गेला नाही. पण मोटर चालू असताना पंजाजवळ कान नेला तर बारीक आवाज यायचा, फुस्स. ओला तळवा फिरवला, तेव्हा सापडलं. पंजाच्या कडेला भोक होतं, सुई जाईल एवढंच. जुन्या मशीनला पडलं असणार. मशीनवाल्याला फोन लावला, उचलला नाही.

तिने पेटीतून लग्नातली नेलपेंटची बाटली काढली आणि भोकावर गुलाबी थेंब सोडला. वाळल्यावर दुसरा थेंब, त्यावर तिसरा. कान लावला. आवाज बंद.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "एवढा मोठा मेकॅनिक, पण त्याला दिसलं नाही."

"तुला दिसलं नसतं तर नवल," तो म्हणाला. "मशीनची नखंही रंगवलीस."

पहिल्या दिवशी सहा गाई सव्वा तासात झाल्या. दुधाची गाडी येऊन थांबायच्या आत किटल्या ओळीने उभ्या. धाकटी उभ्या उभ्याच हसली. सासू मात्र पालथ्या बादलीवर बसून कपांकडे बघत होती.

"दूध असं का जातंय गं?" तिने विचारलं.

"कसं?"

"गप्प, गप्प. गुळणी धरून थुंकल्यासारखं."

खरंच, नळीतून दूध सरळ धारेने जात नव्हतं. पंजाची डबी काठोकाठ भरायची, दूध सडांपर्यंत उलटं चढून हिंदकळायचं, मग एकदम एक घोट नळीतून जायचा. आणि दुसरी गोष्ट, कप सुटायचे नाहीत. मशीनवाला म्हणाला होता की चावी बंद केली की कप आपोआप खाली पडतील. ते पडत नव्हते. चावी बंद करून ओढावे लागायचे. ओढताना सड रबराबरोबर लांब व्हायचा आणि मग पच्च असा आवाज येऊन सुटायचा. गाय दचकायची.

"नवीन आहे. सवय होईल," धाकटी म्हणाली. कोणाला म्हणाली, गाईला की स्वतःला, हे तिलाच माहीत.

पाचव्या दिवशी तांबडीने पहिली लाथ मारली. आयुष्यात तिने लाथ मारली नव्हती. सातव्या दिवशी ती मशीनची मोटर ऐकली की पाठ कमानीसारखी करून पान्हा चोरायला लागली. नवव्या दिवशी तिच्या मागच्या डाव्या सडाचं टोक जांभळं दिसलं, कासेचा तो भाग दगडासारखा लागला आणि दुधात लाल सुतासारखं काहीतरी आलं.

गुरांचे डॉक्टर आले, बोटाने दाबून बघितलं, इंजेक्शन दिलं. "गरम पाण्याचा शेक द्या. हा सड हाताने मोकळा करा, दिवसातून चारदा. मशीन हिला लावू नका. आणि बाकीच्यांच्या सडांकडेही बघा, दोघींची सुरुवात आहे."

डॉक्टरांची मोटारसायकल कोपऱ्यावर वळली नसेल तोच थोरला आला. या वेळी दात घासलेले होते.

"सांगितलं होतं. मुकं जनावर आहे, त्याला प्लगला लावायचं नसतं. हसऱ्याला शुक्रवारी संध्याकाळी बोलावलंय. सहाही घेतो म्हणाला."

"तुम्ही बोलावलंत?" धाकटीने विचारलं.

"मग कोण बोलावणार? तुझं मशीन?"

सगळे सासूकडे बघायला लागले. ती तांबडीच्या कासेवर गरम फडकं धरून बसली होती. फडकं पिळायला तिला यायचं नाही, म्हणून पाणी कोपरावरून ओघळत होतं.

"माझ्यानं धार निघत नाही," ती हळू म्हणाली. "हिच्यानं सहा झेपत नाहीत. आणि मशीनने गाई नासत असतील, तर माझ्या डोळ्यांसमोर नासण्यापेक्षा..." तिने फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. "शुक्रवारी बघू."

दोन दिवस मध्ये होते. मशीन बंद ठेवून धाकटी पुन्हा हातांनीच जमतील तेवढ्या धारा काढत होती. धाकटीने मशीनवाल्याला अकरा वेळा फोन केला. मोटरचा पट्टा तपासला. घड्याळाचा काटा तपासला, तो जागेवर होता. आतली रबरं काढून उकळत्या पाण्यातून काढली. तांबडीचा दुखरा सड तिने दिवसातून चारदा हाताने मोकळा केला. गाय थरथरायची पण लाथ मारायची नाही, उलट मान वळवून तिच्याकडे बघायची. ते बघणं तिला लाथेपेक्षा लागायचं.

शुक्रवारी सकाळी चुलीवर भाजी टाकायची होती आणि तेल संपलेलं. सासूने कोपऱ्यातला नवा पत्र्याचा डबा पुढे सरकवला.

"भोक पाड गं. माझ्या हातात खिळा राहत नाही."

धाकटीने खिळा धरला, हातोडीचा एक घाव घातला, डबा वाकवला. तेल आलं, पण ओतल्यासारखं नाही. गप्प, एक घोट. थांबलं. गप्प, दुसरा घोट. भांड्याच्या काठावर, ओट्यावर, तिच्या मनगटावर तेल उडालं.

"अगं एवढी शिकलेली बाई तू, दुसरं भोक कोण पाडणार? वर, कडेला. आत वारा गेल्याशिवाय तेल बाहेर कसं यायचं?"

धाकटीने दुसरं भोक पाडलं. डबा वाकवला. तेल सुतासारखं सरळ भांड्यात पडलं.

ती तशीच उभी राहिली. डबा वाकवलेला, भांडं भरून तेल काठावर आलेलं.

"अगं भरलं, भरलं! काय झालं तुला?"

"काही नाही," ती म्हणाली. तिच्या कानात मात्र तो आवाज चालू होता. गप्प, गप्प. आणि डोळ्यांसमोर गुलाबी थेंब.

दुपारी घर शांत होतं. सासू पडली होती, धाकटा दवाखान्यात प्लास्टर दाखवायला गेला होता, पोर पाळण्यात झोपली होती. धाकटी एकटीच गोठ्यात गेली. गाई रवंथ करत होत्या. मोटर चालू करताच तांबडी उठून उभी राहिली आणि दाव्याची लांबी संपेपर्यंत मागे सरकली.

"तुला नाही लावत," धाकटी म्हणाली. "मला लावतेय."

तीन कपांना रबरी बुचं लावली. चौथ्या कपात तिने स्वतःचा अंगठा घातला. रबराने दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. दुखत नव्हतं. वासरू चोखतं तसंच वाटत होतं. पोर दात यायच्या आधी बोट चोखायची, तसं. मग तिने पंजाची चावी बंद केली. आता सुटायला हवं.

सुटलं नाही. दाबणं-सोडणंही थांबलं होतं, फक्त ओढ उरली होती. एकसारखी, मुकाट ओढ. अंगठ्यातलं सगळं रक्त टोकाला जमायला लागलं. तेवढ्यात घरातून पोरीच्या रडण्याचा आवाज आला. आधी कुरकुर, मग भोकाड. पाळण्यातून वाकली तर? कठडा लावला होता का? तिला आठवेना. तिने अंगठा ओढला. रबर अंगठ्याबरोबर लांब झालं, कळ थेट कोपरापर्यंत गेली आणि तिच्या तोंडून किंकाळी निघाली. पोर रडत होती. तिने दात आवळून झटका दिला. पच्च.

अंगठ्याभोवती जांभळं कडं उठलं होतं, टोक काळंनिळं. ती पळत घरात गेली. कठडा लावलेला होता. तिने पोरीला उचललं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. नऊ दिवस. दोन वेळा. सहा गाई. चार-चार सड. हिशेब करायला ती घाबरली, पण तो आपोआप होत गेला.

पोरीला बाटली दिली. पोरीने दोन घोट घेतले, बूच चपटं झालं, पोरीने चिडून तोंड फिरवलं. हे रोजचंच. धाकटी बाटलीकडे बघत राहिली. मग तिने झाकण अर्धा आटा सैल केलं. बाटलीत बारीक बुडबुडे वर चढले, बूच फुगलं आणि पोर डोळे मिटून गटागटा प्यायला लागली.

धाकटा परतला तेव्हा ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. तिने त्याला अंगठा दाखवला आणि सगळं सांगितलं, एका दमात.

"ते भोक पडलेलं नव्हतं. पाडलेलं होतं. तिथून थोडी हवा आत यायची, म्हणजे मागून रेटा मिळून दूध नळीतून पुढे जातं, आणि चावी बंद केली की कप सुटतात. मी ते बुजवलं. मी."

तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "कोणाला सांगू नकोस. पिनेने टोच, मोकळं कर आणि गप बस. मशीन अचानक सुधारलं म्हणू."

"आणि तांबडीचं?"

"तिला काय कळतंय?"

"मला कळतंय ना. आणि तसं गप बसलं तर भाऊजी म्हणतील, आज सुधारलं, उद्या बिघडेल. आई त्यांचंच ऐकतील. का बिघडलं होतं हे सांगितल्याशिवाय गाई राहत नाहीत."

"सांगितलंस तर दादा आयुष्यभर ऐकवेल तुला."

"ऐकवू दे. माझे कान काही गळत नाहीत." ती उठली. "नेलपेंटची बाटली कुठाय?"

"आता कशाला?"

"भाऊजींसाठी."

पिनेने टोचून तिने भोक मोकळं केलं, दुसरा अंगठा घालून मशीन चालवून पाहिलं, चावी बंद करून पाहिलं. कप आपसूक बादलीत पडला. मग तिने त्याच भोकावर पुन्हा एक थेंब सोडला आणि वाळेपर्यंत फुंकर घालत बसली.

संध्याकाळी हसऱ्या आला. गुरांचा दलाल, गाय विकत घ्यायची असो की मेलेली उचलायची असो, याच्या तोंडावरचं हसू हलायचं नाही. त्याने तांबडीचं कातडं चिमटीत धरलं, कास खालून तळव्यावर तोलली.

"तीन सडांची झाली की ही," तो हसत म्हणाला. "चहात दूध घालायला ठेवतात अशी गाय."

"जे काय असेल ते बोल आणि ने," थोरला म्हणाला. त्याने गव्हाणीच्या खुंट्यावरून तांबडीचं दावं सोडून हातात घेतलंही होतं. सासू पालथ्या बादलीवर बसली होती, गाईंकडे पाठ करून.

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "दावं सोडलंत ते सोडलंत. आता अंगठा द्या."

"अंगठा? मला सही येते."

हसऱ्या मोठ्याने हसला.

"सही नकोय. ज्या मशीनला नावं ठेवता ते एकदा लावून तर बघा. गाईला लाथ तरी मारता येते. तुम्हाला तोंड आहे, दुखलं तर सांगा."

"मला काय भीती आहे?" थोरल्याने दावं डाव्या हातात घेतलं आणि उजवा अंगठा बूच न लावलेल्या एकुलत्या कपात घातला. तिने मोटर चालू केली. पाइप घुमायला लागला. थोरल्याच्या चेहऱ्यावर आधी शंका आली, मग तो हसला. "गुदगुल्या होतात की."

"होतात ना? आता बंद करते." तिने चावी फिरवली. "काढा."

थोरल्याने अंगठा काढून पाहिला. निघाला नाही. त्याने जोर लावला. हसू गेलं. "अगं, अडकला."

"ओढा ना. आम्ही ओढायचो."

"अगं आई गं! सोडव! हे काय लावलंयस?"

"सोडवते. दोन वाक्यं आहेत माझी, ती ऐका आधी."

"अंगठा तुटतोय माझा आणि ही भाषण करतेय!"

"तुटत नाही. माझाही अडकला होता दुपारी. हा बघा." तिने आपला जांभळा अंगठा सगळ्यांसमोर धरला. सासूनेही वळून पाहिला. "आई, तुम्ही सकाळी सांगितलंत, आत वारा गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. या डबीलाही दुसरं भोक आहे, वाऱ्यासाठी. मला वाटलं, गळतंय. मी ते नेलपेंटने बुजवलं. हा गुलाबी थेंब दिसतोय ना, हा माझ्या हातचा. मशीन खोटं नाही आणि गाईही खोट्या नाहीत. नऊ दिवस त्यांनी जे सोसलं ते माझ्यामुळे."

गोठ्यात मोटर तेवढी घुमत होती. धाकटा प्लास्टर छातीशी धरून भिंतीला टेकला होता.

धाकटीने पोरीच्या लंगोटाची पिन पदरातून काढली आणि थेंबात खुपसली.

फुस्स.

कप थोरल्याच्या अंगठ्यावरून आपला आपण निसटला आणि लोंबायला लागला. कोणी ओढला नाही, कोणी हात लावला नाही. थोरला अंगठा तोंडात घालायला निघाला आणि सगळे बघतायत म्हणून थांबला.

"म्हणजे गाय तू नासवलीस," तो म्हणाला. रागाने त्याचा आवाज चिरकला. "वर मलाच जाळ्यात घातलंस! स्वतःच्या तोंडाने कबूल करतेस आणि तरी गाई ठेवायच्या म्हणतेस? उद्या दुसरी चूक करशील."

"करेन. आणि शोधूनही काढीन. तुमच्या दुकानात गेल्या पावसाळ्यात पोती भिजून दगड झाली, तेव्हा तुम्ही दुकान विकलंत का, भाऊजी?"

हसऱ्या तोंडावर हात धरून खोकला. सासू उठली. गुडघ्यांवर तळवे टेकून, हळू हळू. ती पंजापाशी आली आणि तिने आपला वाकडा अंगठा कपात घातला. वळलेला असल्याने तो सरळ आत जाईना. धाकटीने तिचा हात धरून तो बसवला.

"लाव," सासू म्हणाली.

रबराने दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. सासू डोळे मिटून उभी होती. बराच वेळ.

"बंद कर."

कप पडला. सासूने अंगठा उजेडाकडे धरून उलटासुलटा पाहिला.

"मी या मशीनपेक्षा जोरात पिळायचे," ती म्हणाली. मग दलालाकडे न बघताच, "हसऱ्या, चहा घेऊन जा. रिकाम्या पोटी परत जाऊ नकोस."

"मावशी, गाडी आणलीय मी."

"गाडी रिकामीच हलकी पळते."

"आई," थोरला म्हणाला, "नीट विचार कर. त्या सडाचं काय? तो परत येईल याची खात्री देतेय का ही?"

"नाही देत," धाकटी म्हणाली. "कदाचित ती तीनच सडांची राहील. तरी ती इथेच राहील. चौथा मी रोज हाताने मोकळा करीन, जमेल तोवर."

तांबडीने मान झटकली. दावं अजून थोरल्याच्या हातात होतं. तो खुंट्याकडे गेला आणि वाकून गाठ मारायला लागला, पण सुजलेल्या अंगठ्याने दोर पकडता येईना. एकदा सुटला, दोनदा सुटला. धाकटी जवळ गेली, त्याच्या हातातून दावं घेतलं आणि खुंट्याला दोन फेरे देऊन आवळलं.

"मीठ घालून कोमट पाण्यात धरा," ती म्हणाली. "मी तसंच केलं."

थोरला अंगण ओलांडून गेला.

दुधाची गाडी यायला तासभर होता. धाकटीने तांबडीशेजारच्या काळ्या गाईच्या कासेला कोमट पाण्याचं फडकं फिरवलं, प्रत्येक सडातून दोन धारा हाताने काढून पाहिल्या आणि कप चढवले. दूध पंजात आलं आणि न थांबता, न हिंदकळता, नळीतून सरळ किटलीत पडत राहिलं. तिने कान जवळ नेला. तिचा हात आपोआप त्या भोकाकडे गेला, बोट टेकवायला. मध्येच तिने तो मागे घेतला आणि शेजारी उभ्या तांबडीच्या पाठीवर ठेवला.

सासू पालथ्या बादलीवर येऊन बसली, या वेळी गाईंकडे तोंड करून.

"ते काय फुसफुसतंय?"

"वारा आत जातोय, आई."

"जाऊ दे," सासू म्हणाली.